मानवतमधला समुद्र

१७ नोव्हेंबर

आजपासून ही डायरी. खाजगी. कुणाला दाखवायची नाही.

कारण असं झालं. काल जेवताना निकिता म्हणाली, समुद्र बघायचाय. नववीतली मुलगी, जूनपासून हं आणि नाही याच्यापलीकडं बोलत नाही, ती आपणहून एक आख्खं वाक्य बोलली. माझा घास हातातच राहिला.

माझी थोरली बहीण केशरअक्का सध्या पोखर्णीहून येऊन आमच्याकडं राहते, स्वयंपाकपाण्याला. तिचं म्हणणं, पोरीला समुद्र नको, आई पाहिजे. कारण राजेश्री, म्हणजे माझी बायको, जूनपासून दापोलीच्या खाली समुद्राकाठच्या एका खेड्यात आहे. सरकारी दवाखान्यात नर्स. स्वतः अर्ज करून तिकडं गेली. तात्पुरतं आहे. रागात माणूस अर्ज करतो, राग गेला की परत अर्ज करतो. जाताना म्हणाली, या घरात बोलायला जागाच न्हाई. चार खोल्यांचं घर आहे.

अक्काला सायन्स कळत नाही. निकिताची ही शुद्ध जिज्ञासा आहे, बापाकडून आलेली. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवतो आणि किनारी परिसंस्था हा माझा हातखंडा धडा. डोळे मिटून फळ्यावर भरती-ओहोटीचे पट्टे काढतो. समुद्र प्रत्यक्ष बघायची फुरसत झालेली नाही, पण हृदय तरी कोण प्रत्यक्ष बघून शिकवतो.

संकल्प: निकिताला किनाऱ्यावरची जीवसृष्टी मी शिकवणार. फील्ड व्हिजिट करून. परभणी जिल्ह्याला किनारा नाही ही अडचण. त्यावर विचार केला. किनारा म्हणजे काय? पाणी संपतं आणि जमीन सुरू होते ती जागा. अशा जागा जिल्ह्यात भरपूर. अडचण मिटली. शेवटची व्हिजिट खऱ्या समुद्रावर, परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये. तोपर्यंत राजेश्रीलाही कळेल की आपण काय सोडून गेलो.

१८ नोव्हेंबर

अभ्यासक्रम टाइप करून स्पायरल बाइंडिंग करून आणला. वर कासवाचं रंगीत चित्र. निकितानं पहिलं पान उघडलं. मम्मीकडं कधी जायचं विचारलं. एप्रिलमध्ये म्हटलं. तिनं फाइल मिटली.

एका बैठकीत सगळं वाचून टाकायचा मोह तिनं आवरला, हे आवडलं.

२४ नोव्हेंबर

पहिली व्हिजिट. गोदावरी. गाडीवर दोघं. विषय: वाळूचा किनारा.

वाळू नव्हती. जिथं होती तिथं खड्डे होते आणि ट्रॅक्टर. दुर्बीण बघून एक जण जवळ आला, काय मोजायलाव म्हणून. पक्षी म्हटलं. इथं पक्षी न्हाईत, जा म्हणाला. जरा पुढं गेलो. एक बगळा दिसला. बगळ्यावरून समुद्रपक्ष्यांकडं जाणं सोपं आहे, गेलो. बराच वेळ बोललो. वळून बघतो तर निकिता बाभळीखाली, फोन हातात, राजेश्रीला व्हिडिओ कॉल. नदी दाखवायली होती. खड्डे, ट्रॅक्टर, मला, सगळं.

फोन काढून घेतला. घरी आल्यावर कपाटात, कुलपात. एकाग्रतेसाठी. रविवारी माझ्यासमोर आईशी बोलेल. मी ओरडलो नाही. मी ओरडत नसतो, समजावून सांगतो.

संध्याकाळ. समजावून सांगायला वेळ लागला. निकिता जेवली नाही. प्रवासाचा थकवा.

८ डिसेंबर

मोठी कल्पना सुचली. घरीच समुद्र करायचा.

गच्चीवर प्लॅस्टिकचा टब. त्यात पाणी आणि खडेमीठ, पुस्तकातल्या प्रमाणात. किराणावाल्यानं विचारलं, सर, एवढं मीठ, गावजेवणाचं लोणचं घालायलाव का. हसून सोडून दिलं. बाजारातून जिवंत खेकडे आणले. गोड्या पाण्यातले आहेत हे मला माहीत आहे. पण परिस्थितीशी जुळवून घेणं हाच जीवसृष्टीचा पाया.

निकिता टबाजवळ बसली. मरतील हे, म्हणाली. तिला सांगितलं, सुरवातीला त्रास होतो, मग सवय होते, नवीन ठिकाणी कुणालाही होते. ती माझ्याकडं बघत राहिली. मुद्दा पोचला.

११ डिसेंबर

खेकडे मेले. एक सोडून. तो टबात नाही. निकितानं सकाळी बादलीत घालून नाल्यात नेऊन सोडला, असं अक्कानं सांगितलं. परवानगी न घेता. आता निष्कर्ष काढता येत नाही.

मेलेले तिनं जास्वंदीखाली पुरले. प्रत्येकाला वेगळा खड्डा. एकाच खड्ड्यात भागलं असतं, तसं बोललोही.

टब तसाच ठेवला आहे. मीठ वाया कशाला घालवा.

२० डिसेंबर

पोस्टमननं सही घेऊन पाकीट दिलं. परभणीच्या कोर्टाचं. राजेश्रीनं वकील लावलाय. निकिताचा ताबा मागती. ताबा हा शब्द आपल्याकडं शेताला वापरतात.

कागद चारदा वाचला, खोटं कशाला लिहू. मग डोकं शांत केलं. इकडं परत बदली मिळवायची तर कौटुंबिक कारण दाखवावं लागतं. त्यासाठी हा कागद केला असणार. सरकारी खात्यात असंच चालतं. हुशार बाई.

निकिताला सांगायचं नाही असं ठरवलं. अक्काला सांगितलं. अक्का भाकरी थापत होती, हात थांबला नाही. निकिताला माहीत हाय म्हणाली.

२९ डिसेंबर

लोणारच्या खाऱ्या सरोवराची व्हिजिट. चारठाण्याजवळ गाडी पंक्चर. पंक्चरवाला जेवायला गेलेला. तिथल्या जुन्या देवळात बसलो. निकिता थंड दगडावर आडवी झाली आणि झोपली. तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. हल्ली ती घरात झोपते की नाही माहीत नाही, दिवा चालू असतो.

वेळ वाया जाऊ नये म्हणून उठवलं आणि तिथंच खाऱ्या पाण्यातलं शेवाळ शिकवलं. लोणार राहिलं. थिअरी पूर्ण झाली.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प: एक, रोज निकिताशी संवाद. दोन, समुद्री पक्ष्यांचा तक्ता तिच्या खोलीत लावणे. तीन, वजन.

तक्ता लावला. आधी तिथं राजेश्रीचा आणि तिचा एक फोटो होता, तो ड्रॉवरमध्ये नीट ठेवला.

अक्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बन्सी, पोरगी वाळायलीय. तुला बगळे दिसायलेत, ती दिसंना का?"

अक्कानं माझ्या दुर्बिणीबद्दल असं बोलायला नको होतं.

५ जानेवारी

परभणी. कोर्टाच्या समुपदेशक मॅडम. मी अभ्यासक्रमाची फाइल घेऊन गेलो होतो.

आधी निकिताला आत घेतलं, दार लावून. लय वेळ. मी बाहेर बाकावर. मग मला बोलावलं. फाइल पुढं ठेवली. मॅडमनी चाळली. विचारलं, मुलीला काय आवडतं. म्हटलं, मृदुकाय. शिंपले, गोगलगायी. लिहून घेतलं. विचारलं, ती तुमच्याशी काय बोलते. म्हटलं, व्हिजिटमध्ये भरपूर संवाद असतो, मी सांगतो, ती ऐकते. तेही लिहून घेतलं. ती रडते का? नाही म्हटलं, खंबीर आहे. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

शेवटी म्हणाल्या, ही फाइल ठेवून घेऊ का. दिली. छाप पडल्याशिवाय कोण मागून घेतं.

परत येताना एसटीत निकिताचे डोळे सुजलेले होते. खिडकीतून धूळ येत होती.

१९ जानेवारी

येलदरी धरण. थंडी भयंकर. पाणी मात्र असं की समोरचा काठ धुक्यात दिसत नव्हता. बघ म्हटलं, समुद्र असाच असतो. तुमी बघितलाय का, तिनं विचारलं. तत्त्वतः, म्हटलं.

काठ चिखलाचा. चिखलाचा किनारा हा वेगळा धडा, आयताच मिळाला. निकिताला पाण्याचा नमुना आणायला बाटली देऊन खाली पाठवलं. मी उंचवट्यावरून दुर्बिणीतून पाणकावळे बघत बोलत होतो. पाणकावळा पंख पसरून का वाळवतो, समुद्रावरचे त्याचे भाऊबंद कोण, सगळं सविस्तर. वारं होतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. तेवढ्यात काठावर जाळी आवरणारे मासेवाले ओरडायले. पक्षी उडतील म्हणून मी त्यांना हातानं गप राहा केलं. मग ते माझ्या बाजूनं पळत खाली गेले.

निकिता कमरेपर्यंत चिखलात रुतली होती. हलली की आणखी आत जायली. त्यांनी फळी टाकली, दोरी काखेत अडकवली आणि ओढून काढली. ओठ निळे. एक चप्पल आतच राहिली. त्यांच्यातल्या एका बाईनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिला गुंडाळली आणि माझ्याकडं बघितलं. मी नमस्कार केला.

"मी लय हाका मारल्या, पप्पा."

एवढंच बोलली.

वारं माझ्याकडून तिच्याकडं वाहत होतं. अशा वेळी उलट दिशेनं आवाज येत नाही. याला शास्त्रीय कारण आहे.

पुढच्या व्हिजिटला: गमबूट, शिट्टी.

२२ जानेवारी

निकिताला ताप. गोळी दिली. थंडीत असं होतं.

२४ जानेवारी

ताप आहे. खोकला आहे. राजेश्रीला कळवायचं नाही असं ठरवलं, लांबच्या माणसाला खामखा घोर. निकिता अंथरुणात होती, म्हणून कासवाचं जीवनचक्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. पूर्वी मध्ये मध्ये प्रश्न विचारायची, आता सलग ऐकते. प्रगती.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो होतो. परत आलो तर दारात ऑटो. श्वास घेताना निकिताच्या छातीतून आवाज येत होता. अक्कानं मला न विचारता शेजाऱ्याच्या फोनवरून राजेश्रीला फोन लावला होता, ऑटोही तिनंच बोलावला.

परभणी, दवाखाना, ॲडमिट. न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर तरुण आहेत. मला बाजूला घेऊन विचारलं, एवढे दिवस तुम्ही काय करत होता.

निरीक्षण, म्हटलं.

त्यांना कळलं नसावं.

२८ जानेवारी

राजेश्री आली. कुठून कुठून गाड्या बदलत आली. आल्या आल्या हात धुतले, सलाइन बघितलं, चार्ट बघितला, मग निकिताच्या डोक्याशी बसून तिचे केस विंचरायला घेतले. मागच्या बाजूला केसांची गाठच झाली होती. मला दिसली नव्हती. राजेश्री एक एक बट सोडवत बसली. निकिता तिची ओढणी मुठीत धरून झोपली.

तिघं एका खोलीत, जूननंतर पहिल्यांदा. एका अर्थानं हे अभ्यासक्रमामुळंच घडलं.

राजेश्रीनं मला बाहेर बोलावलं. मी वारं आणि आवाज समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी भांडायला आले न्हाई. परीक्षा होऊ द्या तिची, वर्ष मोडायला नको. मग तिला तुमी स्वतः आणून सोडा. तुमच्यासंगं येईन म्हणती ती."

तुमी स्वतः. हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ती अक्कासोबत पाठवा म्हणू शकली असती, घ्यायला येते म्हणू शकली असती. मला बोलावलंय. अगदी स्पष्ट.

१६ फेब्रुवारी

निकिता घरी. वजन उतरलंय. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते. फोन तिला परत दिला. डॉक्टर म्हणाले म्हणून नाही, माझा स्वतःचा निर्णय. दिवसभर आईशी बोलते, दार लावून. मधल्या व्हिजिट रद्द. सगळी शक्ती आता शेवटच्या व्हिजिटवर.

समुद्राचं वेळापत्रक काढलं. भरती कधी, ओहोटी कधी. कासवाची पिल्लं वाळूतून निघतात तो हंगाम बरोबर गाठणार.

३० मार्च

तयारी. केस काळे केले. नवीन शर्ट, निळा, राजेश्रीला निळा आवडतो असं आठवतं. तिच्यासाठी ज्वारीचं पीठ, तिकडं चांगली ज्वारी मिळत नाही. काळा मसाला. तिच्या जुन्या दोन साड्या कपाटात होत्या, त्या नेऊ नकोस म्हणून अक्कानं हात धरला. नेल्या म्हणजे तिला वाटंल, सामान पोचवायला आलास. बरोबर आहे. साड्या इथंच लागतील.

निकितानं तिची बॅग भरली. हिवाळ्याचे कपडेसुद्धा. एप्रिलमध्ये स्वेटर. म्हटलं, अगं, तिकडं दमट हवामान असतं. हो म्हणाली आणि भरला.

१३ एप्रिल

पोचलो. आधी मानवत रोडहून रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी. शेवटच्या वळणावर निकितानं माझा दंड धरला आणि पप्पा, बघा म्हणाली.

मी बघितला.

त्याबद्दल उद्या लिहीन.

आमची वेळ चुकली. पाणी लांब गेलं होतं, मधे ओली वाळू. मी तक्त्यात भरती आणि ओहोटीचा रकाना उलटा वाचला होता. निकिता चपला हातात घेऊन पळत सुटली. फेब्रुवारीत जी पोरगी जिना चढताना थांबत होती, ती. मी काठावर थांबलो. पाण्यात पाय घालायचे होते, पण ते जे सारखं येतं आणि जातं त्यानं मला गरगरायला लागलं. बूट होते, हेही कारण.

राजेश्री ड्यूटीवरून आली. पीठ घेतलं. मसाला घेतला. जेवायला वाढलं, प्रवास कसा झाला विचारलं, शर्टाकडं लक्ष गेलं नाही. तिच्या क्वार्टरमध्ये एकच खोली, म्हणून माझी झोपायची सोय गावातल्या एका घरी केलेली आहे. जागेची अडचण सगळीकडं असते.

१४ एप्रिल

सकाळी किनाऱ्यावर मोठं कासव मरून पडलेलं. मादी. गळ्याला जाळ्याची दोरी रुतलेली. दुःखद, पण अभ्यासाला उत्तम नमुना. टेप काढला, पाठीची लांबी घ्यायला. निकिताला दुसरं टोक धर म्हटलं. तिनं धरलं नाही. ती कासवाच्या डोळ्यात गेलेली वाळू बोटानं काढत बसली. मेलेल्या प्राण्याला त्याचा उपयोग नाही, हे मी दोनदा सांगितलं. एकट्यानं टेप धरला, माप चुकलं.

सायंकाळी पिल्लं सोडायची होती. गावातले लोक, पाहुणे, लेकरं, सगळे दोरीच्या अलीकडं उकिडवे बसलेले. टोपली आडवी केली. पिल्लं निघाली. मी जमलेल्यांना माहिती द्यायला सुरवात केली. हजारातलं एखादंच जगतं, बाकीची सगळी मरतात, काहींना पक्षी खातात, काहींना खेकडे, पुढं मासे. समोरची एक छोटी मुलगी रडायला लागली. तिची आई माझ्याकडं वळून बघायली. मी पुढचा मुद्दा घेतला.

निकितानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पप्पा, गप बसा. बघू द्या."

रागानं नाही. कुणी आजाऱ्याला म्हणावं तसं.

गप बसलो. मग बघितलं. एक पिल्लू पाण्यापर्यंत पोचलं, लाटेनं उलटं केलं, मागं आणून टाकलं. ते सरळ झालं आणि परत निघालं. परत लाट. परत मागं. हे सगळं पुस्तकात आहे. मी किती वेळा शिकवलंय. पण पुस्तकात ते एवढं लहान नाही.

शेवटी ते गेलं. निकिताचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता. लोक उठून गेल्यावर तिनं काढला.

१५ एप्रिल

निघायच्या आधी राजेश्रीकडं चहाला गेलो. बाहेर चपला काढताना आतून हसण्याचा आवाज आला. मोकळं, खिदळत, श्वास अडकेपर्यंत. मला वाटलं शेजारची कुणी मुलगी आली असावी. बरं वाटलं, निकिताला मैत्रीण मिळाली.

आत गेलो. दोघीच होत्या. राजेश्री भाकरी करायली होती, आमच्याच पिठाची, आणि निकिता ओट्यावर बसून तिला काहीतरी सांगत हसत होती. मला बघून थांबली.

माझ्या मुलीचा आवाज मला ओळखू आला नाही. इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं सांगणार.

चहा हातात घेतला. निकिताला म्हटलं, सुट्टी संपली की घ्यायला येतो. ती आईकडं बघायली. राजेश्री म्हणाली, चहा गार होईल.

गाडीत विचार केला. सुट्टीभर राहू दे. हवापालट आवश्यक आहे, फुप्फुसांना समुद्राची हवा चांगली.

११ मे

ऊन मरणाचं. अक्का पोखर्णीला परत गेली. आता इथं माझं काय काम म्हणाली. मी एकटा वरण-भात करतो. पहिल्या दिवशी वरण लागलं, दुसऱ्या दिवशी भात.

गच्चीवरचा टब आवरला. पाणीटंचाईत पाणी कसं फेकावं म्हणून जास्वंदीला घातलं.

२० मे

जास्वंदीची पानं गळायलीत. किडीचा प्रादुर्भाव असावा.

२१ मे

मीठ.

२ जून

निकिताचा फोन. तिकडं पाऊस सुरू झालाय, समुद्र काळा दिसतो, आवाज घरापर्यंत येतो म्हणाली. मी पावसाळी वाऱ्यांची माहिती द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती बराच वेळ थांबली. पप्पा, हाव का म्हणाली. आहे म्हटलं. मग तिनं एका खेकड्याबद्दल सांगितलं जो त्यांच्या मोरीत शिरला होता. त्याला राजेश्री झाडूनं बाहेर घालवायली आणि तो झाडूच धरून बसला. मी हसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यात मी तिला काहीच शिकवलं नाही.

बरा झाला फोन.

कोर्टासाठी लिहायला घेतलंय. मुद्देसूद लिहितोय. मुलीच्या सर्वांगीण विकासात वडिलांची भूमिका. वडिलांची जिम्मेदारी. अकरा पानं झाली. न्यायाधीश सुशिक्षित असतात, त्यांना पटेल.

१८ जून

परभणी. कोर्ट.

निकिता आली होती. उन्हानं रापलीय, दंड भरलेत, केस आखूड केलेत. मला बघून हात हलवला. मी पण.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, कुठं राहायचंय. तिनं सांगितलं. आवाज एकदम स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. दिवाळीला आणि मे महिन्यात पप्पांकडं जाईन म्हणाली, हे तिनं स्वतः म्हटलं, कुणी पढवलं नव्हतं, राजेश्रीसुद्धा तिच्याकडं बघायली. मग न्यायाधीशांनी मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का.

पानं खिशात होती. हाताला लागत होती. पहिलं वाक्य पाठ होतं.

"न्हाई," म्हटलं.

कसा काय गावाकडचा शब्द निघाला कोण जाणे. मी कॉलेजमध्ये कधी असं बोलत नाही.

सही केली. बाहेर आल्यावर निकिता पाया पडायला वाकली तेव्हा माझा हात तिच्या डोक्यावर पोचला नाही, आधीच उठली. जेवत जा वेळेवर, म्हणाली. राजेश्रीनं विचारलं, मानवतला गाडी आहे ना आत्ता? आहे म्हटलं. दोघी ऑटोत बसून स्टेशनकडं गेल्या. मी तिथं उभं राहून काय करणार, स्टँडवर आलो.

पाथरीची एसटी मिळाली, ती मानवतवरूनच जाते. खिडकीची जागा होती. कपाशीची लागवड चाललीय सगळीकडं. बघत बसलो. कंडक्टर म्हणाला, सर, पाथरी आली, उतरा. मानवत कधी मागं गेलं मला कळलंच नाही.

परतीच्या गाडीत दत्ता भेटला, माझा जुना विद्यार्थी, आता मोबाइलचं दुकान आहे त्याचं. शेजारी येऊन बसला. निकिता कितवीला गेली विचारलं. दहावी म्हटलं. वा, म्हणाला, यंदा बोर्ड. कुठल्या शाळेत घातलीय?

शाळेचं नाव मी विचारलंच नव्हतं.

"तिकडं हाय," म्हटलं. "समुद्राकडं."